अठरा बेअरिंगं आणि एक गडगा

धोंडू केळुसकर दुपारी जेवून आडवा झाला की त्याला एकच स्वप्न पडे, आणि त्या स्वप्नात आवाज नसे. सुकतीचा, म्हणजे ओहोटीचा, समुद्र पार आत गेलेला, मागे राहिलेली ओली वाळू आरशासारखी पसरलेली, आणि तिच्यावरून एक लहानशी निळी गाडी चाललेली. गाडीखाली दुसरी गाडी, उलटी, चाकाला चाक टेकवून. वर आभाळ, खाली आभाळ. सुरूच्या बनापासून निघालेली गाडी खाडीच्या मुखापर्यंत जाई आणि एवढ्या वाटेत कुठं खुट्ट म्हणून होत नसे. मग स्वयंपाकघरात त्याची बायको शेवंती चहाचं भांडं आपटी, धोंडू जागा होई आणि थोडा वेळ तसाच वाशांकडे बघत पडून राही.

गाडी खरीच होती. पडवीच्या कोपऱ्यात ती पोत्यावर उभी असे. धोंडू मालवणच्या सरकारी कचेरीतून आवक-जावक सांभाळता सांभाळता निवृत्त झाला, तेव्हा पुण्याच्या लेकीनं, दिव्यानं, ती पाठवली होती. हातभर लांबीची, जाड दातेरी चाकांची, पिस्तुलासारख्या रिमोटवर चालणारी. वाडीतल्या लोकांना वाटलं लेकीनं बापाची गंमत केली. धोंडूला तसं वाटलं नाही. आयुष्यात तीन वेळा त्यानं मोटारीच्या परवान्याची परीक्षा दिली होती आणि तिन्ही वेळा नापास झाला होता. तिसऱ्या वेळी तर गाडी सुरूसुद्धा झाली नव्हती. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्याच्या हाताखाली पहिल्यांदा चार चाकं आली होती आणि ती तो म्हणेल तिकडे वळत होती. पहिला महिनाभर तो रोज संध्याकाळी सुरूवाडीच्या किनाऱ्यावर जाई आणि दिवेलागणीला परत येई तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर लांबचा प्रवास करून आल्याचा शीण आणि समाधान असे.

महिन्यानंतर गाडी बोलायला लागली.

आधी नुसतं किर्र. मग किर्र-खर्र. पंधरा दिवसांत ते पाट्यावर सुकं खोबरं वाटल्यासारखं झालं. दिव्यानं फोनवर सांगितलं, "बाबा, बेअरिंगं खराब झाली असतील. गाडीत अठरा आहेत. खारं पाणी आणि वाळू चालत नाही त्यांना. तेल घाला थोडं."

"खंयचा तेल?" धोंडूनं विचारलं. पण दिव्याची मीटिंग सुरू झाली होती.

खरं तर या प्रश्नाचं उत्तर धोंडूच्या अंगणापासून बारा पावलांवर बसलेलं असे. मधे फक्त कमरेएवढा गडगा, चिऱ्यांचा, शेवाळ धरलेला. गडग्याच्या पलीकडे भाई राहत. भाई म्हणजे धोंडूचा सख्खा थोरला भाऊ, पंचवीस वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये इंजिनीअर. घराएवढ्या यंत्रांना कुठलं तेल कधी घालायचं ते ठरवण्यात ज्याची उमर गेली असा माणूस खळ्यात, म्हणजे अंगणात, आरामखुर्ची टाकून दिवसभर समुद्राकडे बघत बसलेला असे. पण सात वर्षांमागे ग्रामसभेत एसटीच्या नव्या फेरीवर धोंडू बोलायला उभा राहिला होता, तेव्हा भाई सगळ्यांदेखत म्हणाले होते, "धोंडू, चाकातला तुका काय समजता? तू बस." सभा हसली होती. धोंडू बसला होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद, आणि बंद म्हणजे अगदी बंद. चतुर्थीत आरतीला दोघं शेजारी शेजारी उभे राहत, पण टाळसुद्धा वेगवेगळ्या तालात वाजवत.

तेव्हा चाकातलं काही भाईंना विचारणं हे धोंडूच्या दृष्टीनं कल्पनेच्या पलीकडचं होतं. त्यानं पहिल्यांदा घरातलंच खोबरेल घातलं. घरचे माड, घरचं खोबरं, घाण्यावर समोर काढून आणलेलं तेल. ज्या तेलानं केळुसकरांच्या चार पिढ्यांची डोकी शांत राहिली, त्यानं अठरा बेअरिंगं शांत राहायला हरकत नव्हती. राहिलीही, एक संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पोत्यावरून उचलली तर निळी गाडी तांबडी झालेली. मुंग्या. चाकांच्या आतून बाहेर, बाहेरून आत अशी त्यांची शिस्तीत ये-जा चाललेली. त्यात डिसेंबरची थंडी, तेल आतल्या आत थिजलेलं. धोंडूनं बटण दाबलं, चाकं अर्धा वेढा फिरली आणि थांबली. फिरलेल्या अर्ध्या वेढ्यात ज्या मुंग्या सापडल्या त्यांच्यापायी धोंडूला दुपारचं जेवण गेलं नाही.

"माका इचारूचा नाय?" रुक्मिणीकाकी म्हणाली. ही समोरच्या घरातली. वाडीत कुणाच्या घरी काय बिघडलंय हे तिला त्या घराच्या आधी कळायचं. "खोबरेल ता. ता केसांका. फुटलेल्या टाचांका, कातरलेल्या व्हटांका, वायच कळ मारता थंय कोकमाचा तेल. तुझ्या गाडयेच्या टाचो फुटल्यासत रे धोंडू."

कोकमाचं तेल हे दिसायला तेल नसतंच. साबणाच्या वडीसारखा घट्ट पांढरा गोळा असतो, आणि लागेल तेवढा निखाऱ्यावर वितळवून घ्यायचा असतो. काकीनं वाटीत तो वितळवला, स्वतः पडवीत येऊन बसली आणि बाळाच्या टाळूवर तेल घालावं तशा मायेनं तिनं एकेका चाकात ते सोडलं. सोडताना ती गाडीशी बोलत होती. धोंडूला ते बरं वाटलं; आपल्या गाडीशी आणखी कुणी बोलतंय असं पहिल्यांदाच होत होतं. तो बाहेरच्या उन्हाकडे, उन्हात हलणाऱ्या माडांच्या सावल्यांकडे बघत बसला आणि त्याच्या डोळ्यांपुढे ओली वाळू आली. तोवर इकडे कोकमाचं तेल आपल्या स्वभावानुसार पुन्हा वडी झालं. अठराच्या अठरा बेअरिंगांत बसल्या जागी साबण जमला. बटण दाबल्यावर गाडी हुंकारली, थरथरली, आणि तिच्या पोटातून करपल्याचा वास आला.

"वास बरो येता," काकी म्हणाली, "म्हणजे लागू पडला."

ते तेल बाहेर काढायला धोंडूला चूल पेटवून, गाडी सुरक्षित अंतरावर धरून, दोन दिवस शेकवत बसावं लागलं. शेवंती काही बोलली नाही. शेवंतीचं न बोलणं ही एक स्वतंत्र गोष्ट आहे, पण ती इथं सांगत नाही.

मग बाबली आला. बाबलीची रापण होती, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, शिवाय एक होडी. तेलाविषयी त्याची मतं ठाम होती.

"काकानू, घरातली तेला खंय घालतास? ह्या दर्याचा काम. आमी व्हडीक काय लावतो? मोरयेचा तेल. शंभर वर्सा झाली तरी लाकडाक पाणी लागणा नाय. वयसून ग्रीसचो एक थापो मारा. समुद्र आत येऊचोच नाय."

मोरी म्हणजे शार्क. तिच्या काळजाचं तेल बाबलीनं बाटलीतून आणलं आणि बूच काढताक्षणी रुक्मिणीकाकीनं समोरच्या घराची खिडकी लावून घेतली. धोंडूनं मात्र श्वास रोखून काम पुरं केलं. आत मोरीचं तेल, वर होडीच्या इंजिनाचं काळं ग्रीस, प्रत्येक चाकाला लाडूएवढं. आणि सांगायला आनंद वाटतो की गाडी चालली. आवाज पुरता गेला नव्हता, पण त्या थाप्याखाली तो लांबून, रजईतून आल्यासारखा येत होता. धोंडू रिमोट हातात घेऊन घरातून निघाला. बाबलीच्या घरापर्यंत त्याच्या लक्षात काही आलं नाही. देवळापाशी त्याला वाटलं की कुणीतरी मागे आहे. सुरूच्या बनात शिरताना त्यानं वळून पाहिलं.

गाडीमागे सात मांजरं होती.

ती धावत नव्हती, ओरडत नव्हती. शेपट्या उभ्या करून, डोळे अर्धे मिटून, गुंगीत असल्यासारखी गाडीच्या मागोमाग एका रांगेत चालली होती. धोंडू थांबला की थांबत. गाडी वळली की वळत. उतरत्या उन्हात त्यांच्या लांबच लांब सावल्या वाळूवर पडल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर ते दृश्य इतकं देखणं होतं की धोंडू सगळं विसरून त्यांना तसाच किनाऱ्यापर्यंत घेऊन गेला. तिथं त्याची चूक झाली. कारण किनाऱ्यावर, सुरूच्या कडेला, कासवाची अंडी राखायला जाळीचं कुंपण घातलेलं होतं. त्या अंड्यांसाठी अख्खी वाडी कुत्र्यामांजरांना दगड मारत होती, आणि धोंडू केळुसकर सात मांजरं वाजतगाजत घेऊन तिथं हजर झाला होता.

अंड्यांना काही झालं नाही. पण तिसऱ्या दिवशी धोंडूला ग्रामपंचायतीचं पत्र आलं.

पत्र हातात घेतल्यावर त्यानं पहिल्यांदा जावक क्रमांक पाहिला. तो बरोबर होता. मग मजकूर वाचला. किनाऱ्यावर विनापरवानगी वाहन चालवण्यास मनाई असून आपण समक्ष येऊन खुलासा करावा. 'वाहन' हा शब्द त्यानं दोनदा वाचला. पत्र दटावणीचं होतं, पण तो शब्द वाचून त्याच्या छातीत काहीतरी ऊबदार हललं.

ग्रामसेविका संचिता मॅडम बत्तीस वर्षांच्या, चटपटीत आणि नियमाला पक्क्या होत्या. धोंडूनं भरून आणलेला अर्ज त्यांनी वरून खाली वाचला.

"काका, आसनक्षमतेचा रकाना रिकामा सोडलाय."

"मॅडम, आत कोणी बसत नाही."

"मग शून्य लिहा. रिकामा रकाना दिसला की अपूर्ण म्हणून परत येतो. हे तुम्हाला मी सांगायचं का?"

धोंडूनं मान खाली घालून शून्य लिहिलं. चौतीस वर्षांत किती अर्जांवर आपण 'अपूर्ण'चा शिक्का मारला याचा त्याला अंदाज होता, आणि त्यातला प्रत्येक माणूस आत्ता खिडकीतून डोकावून बघतोय असं त्याला वाटलं.

"चालकाचं नाव तुमचंच. परवाना क्रमांक?"

भिंतीवरचा पंखा फिरत होता. त्याच्या बेअरिंगचाही आवाज येत होता, हे धोंडूला आता कळू लागलं होतं.

"परवाना नाही माझ्याकडे," तो म्हणाला.

संचिता मॅडमना त्याची दया आली असावी. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "हे बघा काका, उगाच कशाला त्रास करून घेता? 'सदर वस्तू हे खेळणे आहे' एवढं एका ओळीत लिहून द्या. खेळण्याला परवानगी लागतच नाही. मी आत्ता हा अर्ज फाडून टाकते आणि विषय संपला."

एक ओळ. नमुना ठरलेला, शब्द तयार. धोंडूनं पेन हातात घेतलं. खिडकीबाहेर सुरूच्या शेंड्यांवरून समुद्राची एक पट्टी दिसत होती, स्थिर, चकचकीत, एखाद्या रस्त्यासारखी. त्यानं पेन परत टेबलावर ठेवलं.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "वाहनच आहे ते."

शेवटी मार्ग निघाला, पण तो असा निघाला की धोंडूच्या अब्रूवर आणखी एक पोचा आला. शेवंतीकडे परवाना होता. ती रोज स्कूटरवरून आचऱ्याला शिवणाच्या वर्गाला शिकवायला जात असे. नवीन अर्जात 'चालक: सौ. शेवंती धोंडू केळुसकर' असं लिहिलं गेलं आणि खाली 'सहायक: श्री. धोंडू केळुसकर'. परवानगी सशर्त होती. मासळीचं तेल वापरायचं नाही. कुंपणापासून लांब राहायचं. आणि वाहनाचा कोणताही आवाज होता कामा नये. गुरुवारी संध्याकाळी सुकतीला मॅडम स्वतः येऊन पाहणार आणि मगच सही करणार.

"सहायकानू," शेवंती त्या रात्री जेवताना म्हणाली, "वायच पाणी वाढा."

गुरुवारला चार दिवस होते. धोंडूनं मोरीचं तेल पुसलं, ग्रीस खरवडलं. आत गेलेली वाळू त्या ग्रीसमध्ये कालवून तिचं कानशीला शोभेल असं वाटण झालं होतं, आणि ते बेअरिंगांच्या गोळ्यांवर फिरफिरून बसलं होतं. त्यानं शेवंतीच्या मशीनचं तेल घातलं. खोबरेल पुन्हा घातलं, या वेळी मिरीएवढं. सायकलवाल्यानं दिलेलं घातलं. प्रत्येक वेळी गाडी अंगणात सोडायची, डोळे मिटायचे आणि आशेनं कान द्यायचे. आणि प्रत्येक वेळी तेच: किर्र, खर्र, किर्र. सकाळी सातपासून ऊन उतरेपर्यंत. सोमवारी तो आवाज चढला, मंगळवारी त्यात एक शिट्टी आली. बुधवारी दुपारी धोंडू अंगणात उकिडवा बसला होता, गाडी त्याच्याभोवती रडत गोल फिरत होती आणि त्याला प्रथमच वाटलं, की ते 'खेळणे' एका ओळीत लिहून दिलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात गडग्यावरून एक पाय आला.

मग दुसरा पाय आला. मग लुंगी सावरत, एका हातानं माडाला धरत, अडुसष्ट वर्षांचे भाई धोंडूच्या अंगणात उतरले. सात वर्षांत त्या अंगणात त्यांचं पाऊल पडलं नव्हतं.

"बंद कर ती," भाई म्हणाले.

धोंडूनं बटण सोडलं. गाडी थांबली. अंगणात एकदम इतकी शांतता झाली की लांबचा समुद्र ऐकू आला.

"तुका कोणी बोलवल्यान?" धोंडू म्हणाला. सात वर्षं मनात घोळवलेल्या कितीतरी वाक्यांतलं हे एक होतं आणि त्यातलं सगळ्यात चांगलं नव्हतं.

"बेअरिंगान," भाई म्हणाले. "सात वर्सा तुझो आवाज कानार पडाक नाय, माझा काय एक अडला नाय. पण ह्या बेअरिंगचो आवाज माका सोसवणा नाय. तीन दिवस माका जेवाण गोड लागणा नाय. उघड ती चाका."

धोंडू जागचा हलला नाही. त्याच्या मनात ग्रामसभा भरली होती. सगळी माणसं होती, हसणंही होतं. दारात शेवंती येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "भावजी, खुर्ची हाडू?"

"खुर्ची नको. मोठा ताट हाड गो. आणि स्कूटरमदला वाटीभर पेट्रोल. आणि चुलीक हात लावू नको."

त्यावर धोंडू मुकाट्यानं उठला आणि पाना घेऊन आला.

अठरा बेअरिंगं काढून स्टीलच्या ताटात मांडली तेव्हा ती उन्हात सोनाराकडच्या अंगठ्यांसारखी दिसत होती. काही बोटात जातील एवढी, काही करंगळीतही न जाणारी. भाईंनी एक उचललं, बोटाच्या टोकावर ठेवून फिरवलं आणि कानाशी नेलं. त्यांचा चेहरा दुखल्यासारखा झाला.

"ह्येच्यात काय काय घातलंस?"

धोंडूनं सगळी यादी सांगितली. मांजरांपाशी भाईंच्या मिशा हलल्या, पण ते हसले नाहीत.

"तू ह्येंका जेवाण घातलंस रे," ते म्हणाले. "ह्येंका जेवाण नको असता. नुसती जीभ ओली करूची असता. तेल जास्त झाला काय वाळू धरता, वाळू धरली काय बेअरिंग आपणाक आपणच खाता. पयला सगळा काढ. मगे घाल, आणि घातलंस ह्या इसरान जा."

पेट्रोलच्या वाटीत एकेक बेअरिंग बुडवायचं, हलवायचं, काढायचं, पुसायचं, पुन्हा बुडवायचं. खोबरेल निघालं, कोकम निघालं, मोरी निघाली. वाटीत केळुसकरांच्या वाडीचा सगळा इतिहास उतरला. दुपार सरकत होती. माडांच्या सावल्या ताटावरून पलीकडे गेल्या. कुणी फारसं बोलत नव्हतं, आणि हे न बोलणं पूर्वीच्या न बोलण्यासारखं नव्हतं, एवढं धोंडूला कळत होतं. भाईंनी सांगितलं, की मोटरजवळची वेगानं फिरणारी असतात त्यांना पातळ तेल, एकच थेंब. चाकांतली पाण्याजवळची असतात त्यांना ग्रीस, पण थापा नव्हे, बोटाचा नुसता ठसा. मग त्यांनी लुंगीच्या कनवटीतून एक इवलीशी बाटली काढली. बोटीवरच्या घड्याळांचं तेल होतं ते, पाण्यासारखं निर्मळ. भाईंनी सुईच्या टोकावर थेंब घेतला आणि बेअरिंगवर नेला.

थेंब पडला नाही. सुई थरथरत होती. भाईंनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, तरी थरथरत होती. थेंब ताटात सांडला. दुसरा लुंगीवर पडला. भाई समुद्राकडे बघायला लागले.

धोंडूनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. गडग्याच्या पलीकडून हे कधी दिसलं नव्हतं. त्यानं सुई त्यांच्या बोटांतून काढून घेतली. चौतीस वर्षं रकान्यांत बारीक अक्षर काढलेला त्याचा हात. सुई स्थिर राहिली. थेंब गोळ्यांच्या मधे नेमका पडला, पसरला आणि दिसेनासा झाला. धोंडूनं बेअरिंग बोटावर फिरवलं. ते फिरलं, फिरत राहिलं, फिरतंय की थांबलंय हे कळेना इतकं मुकाट फिरत राहिलं.

असे अठरा थेंब आणि ठसे होईपर्यंत ऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलं होतं.

"हात बरो आसा तुझो," भाई शेवटी म्हणाले. सुईकडे बघत म्हणाले. "चाकातला समजता तुका."

धोंडूनं ताट उचललं आणि उगाचच ते आत नेऊन ठेवलं, कारण त्याला थोडा वेळ पाठमोरं असण्याची गरज होती.

गुरुवारी पाच वाजता सुकती पूर्ण उतरली होती. समुद्र लांब गेला होता आणि मागे सगळी वाळू ओली, लखलखीत. संचिता मॅडम वही घेऊन आल्या होत्या. बाबली आला, रुक्मिणीकाकी आली, भाई धुतलेला शर्ट घालून आले. शेवंतीनं पदर खोचला आणि रिमोट हातात घेतला. सहायक शेजारी उभा राहिला.

गाडी निघाली.

पहिल्यांदा सगळे आवाजाची वाट बघत राहिले. मग वाट बघणंही थांबलं. गाडी चालत होती, तिच्याखाली उलटी गाडी चालत होती आणि दोघींच्या मधे काहीच नव्हतं. पाण्याच्या कडेला तुरुतुरु पळणारी पाखरं असतात, त्यांतलं एकही उडालं नाही. गाडी त्यांच्यामधून गेली तशी ती जरा बाजूला सरकली, बस. मावळतीचा सगळा रंग वाळूवर पडला होता. गाडी त्यात निळी होती, मग जांभळी झाली, मग नुसता एक ठिपका. रुक्मिणीकाकीच्या तोंडून सात-आठ मिनिटं शब्द आला नाही, हे वाडीत अजूनही सांगतात.

"शेवंती," धोंडू बऱ्याच वेळानं पुटपुटला, "आता वळव."

शेवंती ऐकत नव्हती. तिची बोटं रिमोटवर होती आणि डोळे गाडीबरोबर गेले होते. खरं तर धोंडूलाही ती वळायला नको होती. गाडी सरळ गेली, ओल्या वाळूवरून पाण्याच्या पातळ थरावर, थरावरून फेसात, आणि एका आळसावलेल्या लाटेनं अगदी सावकाश, कुणाला दुखवायचं नाही अशा बेतानं, तिला उचलून घेतलं.

"गेली!" बाबली ओरडला.

सगळ्यांच्या आधी भाई धावले. धुतलेल्या शर्टासकट ते कमरेएवढ्या पाण्यात शिरले, मागून धोंडू. दोघं भाऊ वाकून पाण्यात हात फिरवत होते, एकमेकांना ओरडून दिशा सांगत होते, आणि दिशा प्रत्येक वेळी चुकत होत्या. तिसऱ्या लाटेला गाडी आपणहून धोंडूच्या पोटरीला येऊन आपटली. भाईंनी ती मानेला धरून बाहेर काढली. तिच्यातून समुद्र गळत होता.

शेवंती रिमोट छातीशी धरून उभी होती. "माका वाटला," ती म्हणाली, "ती तशीच जायत रवतली."

संचिता मॅडमनी वहीत लिहिलं आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवलं: "पाहणीदरम्यान वाहनाचा आवाज आढळून आला नाही. काही काळ वाहनही आढळून आले नाही. परवानगी देण्यास हरकत नाही." आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ताट अंगणात होतं, अठरा बेअरिंगं ताटात होती, आणि प्रत्येकात मिठाची पांढरी कड दिसायला लागली होती. भाई या वेळी गडगा चढून आले नाहीत. गडग्याचे वरचे चार चिरे त्यांनी पहाटेच काढून ठेवले होते आणि पायरीसारखे रचले होते. दोघं समोरासमोर बसले होते तेव्हा दिव्याचा फोन आला. धोंडूचे हात पेट्रोलचे, म्हणून त्यानं कोपरानं स्पीकर लावला.

"बाबा, आईनं सांगितलं सगळं. आता ऐका, ती जुनी बेअरिंगं टाकून द्या. रबरी सीलवाली मिळतात, पाणी आत जातच नाही. उघडायची नाहीत, धुवायची नाहीत, तेल घालायचं नाही. वर्ष-दोन वर्षं बघावंसुद्धा लागत नाही. मी आजच मागवते. सोमवारी तुमच्या दारात येतील."

भाईंनी हातातलं बेअरिंग ताटात ठेवलं. ते फोनकडे बघत नव्हते. ते माडाच्या शेंड्याकडे बघत होते, जणू तिथं काही महत्त्वाचं चाललं होतं.

"बाबा? ऐकताय ना?"

"ऐकतंय गो," धोंडू म्हणाला. "नको."

"नको? का?"

धोंडूनं वाटी पुढे ओढली, तिच्यात एक बेअरिंग सोडलं आणि ते बुडताना पाहिलं.

"आमका सवड आसा," तो म्हणाला. "ठेवतंय आता, हात तेलाचे आसत."

भाईंनी माडावरची नजर काढली आणि सुई त्याच्या पुढे सरकवली.